दिनविशेष : १० जून २०२२

मुंबईच्या विधानभवनात राज्यसभेच्या ६ जागांसाठी आमदारांनी मतदान केले. रिंगणात ७ उमेदवार होते. महाराष्ट्रात अशी लढत २४ वर्षांनी झाली. मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवूनच पेटीत टाकायची होती. शिवसेनेचे सुहास कांदे यांचे मत बाद ठरले. निकाल दुसऱ्या दिवशी पहाटे लागला. सहाव्या जागेवर भाजपचे धनंजय महाडिक यांनी शिवसेनेच्या संजय पवारांना हरवले. दुसऱ्या पसंतीच्या मतांनी पारडे फिरवले.

मतदानानंतर अवघ्या १९ दिवसांनी तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला. पण वडीगोद्रीसारख्या गावातला मतदार राज्यसभेसाठी बटण दाबत नाही. त्याच्या वतीने आमदार मत देतो. म्हणूनच आमदाराने तिथे कुणाला मत दिले, हे त्याला विचारण्याचा हक्क गावाने सोडू नये.