एका ठिणगीचा दोष

मोठ्या अपघाताची वार्ता कानी येताच आपण विचारतो, "चूक कोणाची?" एखादे नाव मिळाले की मनाचे समाधान होते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत झालेला स्फोट मात्र असे समाधान लाभू देत नाही.

'फोर्ट स्टिकीन' हे जहाज फेब्रुवारीत इंग्लंडच्या बर्कनहेड बंदरातून निघाले. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता. कराचीस काही माल उतरला आणि रिकाम्या जागेत कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी भरण्यात आल्या. कप्तान नाखूश होता. परंतु युद्धकाळात जहाजांची टंचाई होती, आणि त्या टंचाईपुढे त्याचे काही चालले नाही.

१२ एप्रिलला जहाज मुंबईस लागले. धोकादायक मालाची खूण म्हणून लावावयाचा लाल बावटा त्यावर नव्हता. दोन दिवस लोटले, तरी स्फोटके जहाजातच होती. १४ तारखेस दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या कोठारातून धूर दिसू लागला. बंबवाले धावले, शेकडो टन पाणी ओतले गेले. जहाज जागीच बुडवावे की बंदराबाहेर ओढून न्यावे, याविषयी जाणत्यांची मते भिन्न होती. अखेरचा शब्द कोणाचा, हेच ठरलेले नव्हते. या अनिश्चिततेत दोन तास गेले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. दूर सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. शेकडो माणसे मरण पावली. त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जवान होते.

कोणी तरी ओढलेल्या सिगारेटने कापूस पेटला असावा, असा संशय चौकशीअंती व्यक्त झाला. तो धूम्रपान करणारा निर्दोष खचित नव्हे. पण त्याची चूक क्षणाची होती. कापूस आणि दारूगोळा एकत्र रचणाऱ्यांस विचारास अवधी होता, ज्ञान होते, अधिकारही होता. दोषाचे माप घेताना हे तिन्ही तराजूत घातले पाहिजेत. नाही तर सारा भार सर्वांत खालच्या माणसावर पडतो आणि वरची घडी तशीच राहते.

त्या ६६ जवानांपैकी कोणीही तो माल भरला नव्हता. १४ एप्रिल हा दिवस आपल्या देशात अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी त्यांच्या धैर्यास वंदन करावे, आणि इतरांच्या कोणत्या चुका त्यांना भोगाव्या लागल्या, हेही आठवावे.