तेरचे थापटणे आणि वितळणारी तार : मोटारीतील ॲम्प्लिफायरचा फ्यूज पुन्हा पुन्हा का उडतो?

१/ धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी वसलेले तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेस सुमारे १० दिवसांच्या वाटेवर या नगराची नोंद आहे. येथील कापड गाड्यांतून भडोच बंदरापर्यंत जात असे. मराठी मनाला मात्र तेर ठाऊक आहे ते संत गोरोबाकाकांमुळे आणि त्यांच्या हातातील थापटण्यामुळे.

२/ संतचरित्रांतील कथा सर्वश्रुत आहे. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने थापटण्याचा उपयोग विचारला. मडके पक्के की कच्चे, हे यावरून कळते, असे गोरोबांनी सांगितले आणि मग प्रत्येकाच्या मस्तकावर थापटणे मारून पाहिले. नामदेव 'कच्चे' ठरले. कथेचा आध्यात्मिक अर्थ मोठा आहेच. पण तीत दोषशोधनाची जुनी रीतही दडलेली आहे. उतरंड फोडावयाची नसते. एकेक मडके वेगळे करून वाजवून पाहावयाचे असते.

३/ विजेच्या जगात एक मडके मुद्दाम कच्चे ठेवले जाते. त्याचे नाव फ्यूज. १८४७ मध्ये फ्रान्सच्या लुई ब्रेगे यांनी तारायंत्राच्या ठाण्यांना विजेच्या लोळापासून वाचविण्यासाठी बारीक तारेचा तुकडा जोडण्याचे सुचविले. तार वितळेल, यंत्र वाचेल. त्यामागचे गणित जूल यांनी १८४१ मध्येच मांडले होते : तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. एडिसन यांनी १८९० मध्ये आपल्या वीजवितरण व्यवस्थेसाठी फ्यूजचे पेटंट घेतले.

४/ १९३० मध्ये अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी 'मोटोरोला' हा मोटारीचा रेडिओ बाजारात आणला. कर्जाच्या आशेने एका बँकरच्या गाडीत रेडिओ बसवून दिला आणि थोड्याच वेळात ती गाडी पेटली, अशी आख्यायिका त्या काळाविषयी सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, चालत्या गाडीत वीज खेळविणे किती नाजूक काम होते, हे तीतून कळते.

५/ अडचण मूलभूत होती. गाडीची बॅटरी ६ व्होल्टची, तर रेडिओच्या काचेच्या व्हॉल्व्हना सुमारे २०० व्होल्ट हवे. यावर तोडगा म्हणून व्हायब्रेटर आला. त्यातील पोलादी पट्टी सतत थरथरत प्रवाह तोडत व जोडत असे. ट्रान्सफॉर्मर त्याचा दाब वाढवी. कालांतराने पट्टीची टोके झिजून एकमेकांना चिकटत. प्रवाह तुटेना, ट्रान्सफॉर्मरमधून तो अनिर्बंध वाहू लागे आणि फ्यूज उडे. त्या पिढीच्या कारागिरांना हा दोष तोंडपाठ होता.

६/ १९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला. १९५५ मध्ये फिल्को व क्रायस्लर यांनी पूर्ण ट्रान्झिस्टरचा मोटार रेडिओ आणला. गाड्याही १२ व्होल्टवर येऊ लागल्या. दाब वाढविण्याची गरज संपली आणि व्हायब्रेटर इतिहासजमा झाला. पण १२ व्होल्टवर थेट चालणारा ॲम्प्लिफायर ४ ओहमच्या स्पीकरला, सर्वोत्तम जोडणीतही, जेमतेम १८ वॅट देऊ शकतो. घुमणारा खर्ज हवा असेल, तर दाब पुन्हा वाढवावाच लागतो.

७/ म्हणून जुनी युक्ती नव्या रूपात परतली. आजच्या मोठ्या ॲम्प्लिफायरमध्ये मॉस्फेट नावाचे ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा प्रवाह तोडतात व जोडतात. ते जळले की बहुधा आतून जुळून जातात, जणू व्हायब्रेटरची चिकटलेली टोकेच. फ्यूज पुन्हा उडतो. यंत्र बदलले, पिढ्या बदलल्या. दोषाची जात तीच राहिली.

८/ आता थापटणे हाती घ्यावे. बॅटरीजवळचा फ्यूज उडत असेल, तर ॲम्प्लिफायरची मुख्य तार सोडवून तिचे टोक इन्सुलेट करावे. तरीही उडाला, तर तार वाटेत कुठेतरी सोलून गाडीच्या पत्र्याला टेकली आहे. टिकला, तर तार पक्की; पुढचे मडके वाजवावे.

९/ त्यानंतर स्पीकरच्या व सिग्नलच्या सर्व तारा काढाव्यात आणि फ्यूजच्या जागी १२ व्होल्टचा बल्ब जोडावा. रिमोटची तार न जोडताही बल्ब प्रखर पेटला, तर मॉस्फेट जळले असावेत, किंवा कधीतरी बॅटरी उलटी जोडल्याने संरक्षक डायोड गेला असावा. रिमोट जोडल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंदावला, तर ते प्रकृतीचे लक्षण; तेजच राहिला, तर दोष आतील भागांत, बहुधा आउटपुट ट्रान्झिस्टरमध्ये. सारे ठीक असूनही स्पीकर जोडताच फ्यूज उडत असेल, तर स्पीकरची तार पत्र्याला टेकली आहे, कॉइल जळली आहे, किंवा ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडून २ ओहमचा भार न पेलणाऱ्या यंत्रावर टाकला आहे.

१०/ या इतिहासात एक चूकही पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. घरातील चिनीमातीच्या फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळणारे हात गाडीत २० अँपिअरचा पिवळा फ्यूज काढून ३० अँपिअरचा हिरवा बसवितात. फ्यूजचा आकडा तारेची सहनशक्ती पाहून ठरतो. तो वाढविला की सर्वांत कच्चे मडके फ्यूज उरत नाही. आसनांखालून, गालिच्याखालून गेलेली तार ती जागा घेते. मग वितळते ती तार, आणि गाडीला आग लागते.

११/ उडालेला फ्यूज हा दोष नव्हे. दोष अन्यत्र आहे, अशी ती साक्ष असते. साक्षीदाराला गप्प करण्यापेक्षा त्याचे म्हणणे ऐकून एकेक भाग तपासणे, हीच खरी दुरुस्ती. तेरच्या कुंभाराने कच्च्या मडक्याला फोडले नव्हते, फक्त ओळखले होते.