घराचा नकाशा हातात आला? पाया खोदण्याआधी ही चिन्हं ओळखा

घर बांधायला काढलं की इंजिनिअर नकाशा देतो. आपण खोल्या मोजतो, ‘ठीक आहे’ म्हणतो आणि कागद मिस्त्रीच्या हातात देतो. पण चूक कागदावर दिसली तर खोडून दुरुस्त होते. भिंत उठल्यावर दिसली तर फोडाफोडीचा खर्च आपल्याच खिशातून जातो. म्हणून ही नेहमीची चिन्हं समजून घ्या.

प्लॅन म्हणजे घर खिडकीच्या उंचीवर आडवं कापून वरून पाहिल्यासारखं चित्र.

भिंत : दोन समांतर रेघा. मापं बहुधा मिलिमीटरमध्ये असतात. २३० म्हणजे ९ इंची, ११५ म्हणजे साडेचार इंची भिंत.

कॉलम : भरीव काळा चौकोन.

दार : भिंतीतली मोकळी जागा आणि पाव गोलाची रेघ. ही रेघ ज्या खोलीत, त्या खोलीत दार उघडतं. ते पलंगाला किंवा कपाटाला अडणार नाही ना, बघा.

खिडकी : भिंतीच्या जाडीत बारीक समांतर रेघा. ‘डी’ म्हणजे दार, ‘डब्ल्यू’ म्हणजे खिडकी, ‘व्ही’ म्हणजे बाथरूमचा झरोका. डी१, डी२ यांची मापं नकाशातल्या तक्त्यात असतात.

जिना : ओळीने पायऱ्या आणि बाण. ‘अप’ लिहिलेला बाण चढायची दिशा दाखवतो.

तुटक रेघ : बहुतेक वेळा डोक्यावरची गोष्ट, जसं बीम, छज्जा, माळा.

उत्तरेचा बाण : सकाळचं ऊन कुठल्या खोलीत येणार, ते यावरून कळतं.

लेव्हल : +४५० म्हणजे शून्य धरलेल्या पातळीपेक्षा साधारण दीड फूट उंच. शून्य कुठे धरलंय, हे नक्की विचारा. रस्ता जोत्यापेक्षा उंच असेल तर पावसाचं पाणी घरात येईल.

स्केल : १:१०० म्हणजे कागदावर १ सेंटिमीटर, जागेवर १ मीटर. मोबाईलवर आलेल्या पीडीएफवर मात्र पट्टी लावू नका. झूम केलं की स्केल बदलतं. लिहिलेला आकडाच खरा धरा. ३००० म्हणजे ३ मीटर, म्हणजे १० फुटांना थोडं कमी.

जागेवर फक्की मारताना नकाशा घेऊन स्वतः उभे राहा. काही बदल केला तर तो इंजिनिअरकडून नकाशावर करून घ्या आणि नवीन प्रत मिस्त्रीला द्या. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं.