शनवार तेल्यांची शाळा



आमच्या पिशोरच्या बाजूला ‘ज्यू’ म्हटलं की लोकांना इस्रायल नाहीतर हिटलर आठवतो. पण पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर अशी आडनावं लावणारे, घरात मराठी बोलणारे ज्यू आपल्याच कोकणात शेकडो वर्षं राहत आले. आज त्यांच्याविषयी, खरं तर त्यांच्या एका शाळेविषयी लिहायचं आहे. (जन्मभर खडू धरलेला माणूस दुसरं काय लिहिणार!)

हा बेने इस्राएल समाज. त्यांची परंपरागत कथा अशी की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात पुरुष व सात बायका तेवढ्या वाचल्या. त्यांचे वंशज गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोकांनी नाव ठेवलं ‘शनवार तेली’. ग्रंथ जवळ नव्हते, हिब्रू विसरली. पण शनिवार पाळणं, सुंता आणि ‘शेमा’ ही प्रार्थना सुटली नाही.

पुढे ही मंडळी मुंबईला आली. कंपनीच्या फौजेतले सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी 1796 मध्ये शहरातलं पहिलं सिनेगॉग बांधलं. प्रार्थनेची जागा झाली, पण प्रार्थना वाचणार कोण? हा प्रश्न पैशाने सुटणारा नव्हता. त्यातून हा समाज शिपाई, कारकून, कारागीर यांचा. बगदादहून आलेल्या ससून घराण्यासारखी श्रीमंती इथे नव्हती.

तरी अक्षराची ओढ मोठी. 1874 मध्ये पुण्यात वल्हांडण सणाची ‘हग्गादा’ मराठी भाषांतरासह छापून निघाली. आणि 1875 मध्ये हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनने मदत पाठवली. पुढे हाँगकाँग-शांघायचे व्यापारी सर एली कदूरी यांनी देणगी दिली, आणि माझगावची ही शाळा त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. अशा शिक्षणातून समाजात डॉक्टर, वकील, शिक्षक तयार झाले. डॉ. ई. मोझेस तर 1937-38 मध्ये मुंबईचे महापौर होते.

1948 मध्ये इस्रायल झालं आणि कुटुंबंच्या कुटुंबं तिकडे निघाली. तिथेही त्यांच्या विवाहांवरून ‘हे खरे ज्यू का?’ असा वाद उठला; 1964 मध्ये सरकारने त्यांना बरोबरीचं मानलं. इथे मात्र घरं रिकामी होत गेली. 2011 च्या जनगणनेत देशभरात पाच हजारांहूनही कमी ज्यू उरले होते.

आता धर्मादायाचं रूप बदललं आहे. एकट्या राहिलेल्या वृद्धांचं औषधपाणी, सिनेगॉगची डागडुजी, सणाची भाकर. पण सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. पैशाने छप्पर शाकारता येतं, दहावा माणूस कुठून आणणार? 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा देण्यापेक्षा घेणारेच थोडे राहिले होते.

मग वाटतं, शाळेवर खर्च केला तो चुकला का? शिकलेली पोरं राहत नाहीत, हे आम्हा खेड्यातल्या मास्तरांना कुणी सांगायला नको. पिशोरची पोरं संभाजीनगर-पुण्याला जातात, त्यांची लोदला गेली, एवढंच. पण ती जाताना मराठी सोबत घेऊन गेली. इस्रायलमध्ये त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढलं. आणि माझगावच्या शाळेत ज्यू मुलं कमी झाली तेव्हा त्या बाकांवर इतर धर्मांची, गरीब घरची मुलं बसली.

समाज टिकवायला दिलेला पैसा समाज निघून गेल्यावरही कुणाला तरी बाराखडी शिकवत राहिला. मला तरी हे दान वाया गेलेलं वाटत नाही. तुम्हाला काय वाटतं? कोकणातल्या नातेवाइकांपैकी कुणाच्या शेजारी बेने इस्राएल घर असेल, तर आठवणी जरूर लिहून पाठवा.

असो. आज इतकंच.