पिकाची राखण आणि परवाना

माळ्यावर बसून गोफण फिरवायला शेतकऱ्याला कोणाची परवानगी लागत नसे. बंदूक उचलायला मात्र ती लागू लागली. १८७८ साली इंग्रज सरकारने दोन कायदे केले. एकाने राखीव जंगलातील शिकार नियमांत बांधली. दुसऱ्याने परवान्यावाचून हत्यार बाळगणे गुन्हा ठरविले. रानडुकरे जंगलातून येत, आणि शेतकऱ्याचे हात दोन्हींकडून बांधलेले.

स्वराज्यात, १९५९ च्या शस्त्र कायद्याने पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद केली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा घातला. तो अवश्यच होता. तरी त्याच्या ११ व्या कलमाने एक वाट ठेवली. सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीबाहेरचे जनावर उभ्या पिकाला घातक ठरले, तर अधिकारी कारणे नमूद करून ते मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. मारलेले जनावर सरकारजमा होते.

कारणे लिहिण्याची ही अट आम्हांला मोलाची वाटते. तिने मुक्या जनावरालाही न्याय मिळतो. पण कळप एका रात्रीत पीक लोळवतो, आणि एकट्याचा अर्ज टेबलावर पडून राहतो. कामगार चळवळीत आम्ही हेच पाहिले. म्हणून गावाने मिळून अर्ज करावा आणि पीक उभे आहे तोवर लेखी उत्तर मागावे.