नांगर, बंदूक आणि गावातली खानावळ

स्मरणिकेतला इतिहासाचा लेख म्हटला की शिवकाल, नाहीतर पेशवाई, हे आपल्या मंडळात जवळजवळ ठरूनच गेले आहे. यंदा संपादक मंडळींच्या परवानगीने जरा लांबच्या माणसाकडे जाऊ या. हा माणूस म्हणजे इस्रायल पटनम. पेशा शेतीचा, दहा वर्षे लढायांवर जाऊन परत आलेला, आणि मग गावात खानावळ चालवणारा. मुक्काम ब्रुकलिन, कनेक्टिकट प्रांत, उत्तर अमेरिका. (न्यूयॉर्कचे ब्रुकलिन वेगळे. हे खेडे.) १७७५ साली अमेरिकन वसाहतींनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले, तेव्हा हाच खानावळवाला मेजर जनरल झाला. त्या घटनेला २०२५ साली अडीचशे वर्षे झाली.

पटनमचा जन्म ७ जानेवारी १७१८ चा, मॅसॅच्युसेट्समधील सेलम व्हिलेजचा. १६९२ साली चेटकिणी म्हणून लोकांना पकडण्याचे आणि एकोणीस जणांना फाशी देण्याचे प्रकरण जिथून सुरू झाले, तेच हे गाव. गंमत अशी की आरोप करणाऱ्यांत पटनम घराणे पुढे होते, पण इस्रायलचे वडील जोसेफ पटनम मात्र घरच्यांच्या विरोधात उभे राहिले. त्यांचे घर आजही तिथे जपलेले आहे.

शाळा इस्रायलच्या वाट्याला फारशी आली नाही. पुढे जनरल झाल्यावरही त्याची पत्रे वाचणाऱ्याला घाम फुटत असे, इतके त्याचे शुद्धलेखन स्वतंत्र होते. १७३९ मध्ये हॅना पोप हिच्याशी लग्न झाले आणि पुढच्याच वर्षी तो कनेक्टिकटच्या पॉमफ्रेट भागात आला. मेहुण्याबरोबर भागीत त्याने सुमारे पाचशे एकर जमीन घेतली, दगड वेचून बांध घातले, मेंढ्या पाळल्या, सफरचंदाच्या बागा लावल्या.

तिथली लांडगिणीची गोष्ट अमेरिकेतल्या मुलांनी पिढ्यान्पिढ्या पाठ्यपुस्तकात वाचली. १७४२-४३ च्या हिवाळ्यात एका म्हाताऱ्या लांडगिणीने त्याच्या कळपातली बरीच मेंढरे मारली. सापळ्यात तिची बोटे तुटलेली होती, त्यामुळे बर्फातला तिचा माग ओळखू येई. गावकऱ्यांनी पाळ्या लावून पाठलाग केला आणि तिला एका कपारीत कोंडले. कुत्री आत सोडली, ती जखमी होऊन आली. गवताचा धूर, गंधक, सगळे झाले. शेवटी पटनम पायाला दोर बांधून, हातात भूर्जाच्या सालीची मशाल घेऊन सरपटत आत गेला. आतून गुरगुरणे ऐकताच वरच्या लोकांनी घाबरून दोर असा ओढला की त्याचा सदरा डोक्यावर आला आणि अंग खरचटले. दुसऱ्यांदा तो बंदूक घेऊन गेला आणि तिला मारले. तिसऱ्यांदा जाऊन कान धरून तिला बाहेर आणले. हे सारे त्याचा एके काळचा सहायक डेव्हिड हम्फ्रीज याने १७८८ मध्ये लिहिलेल्या चरित्रात आहे. चरित्रनायक तेव्हा हयात होता, त्यामुळे थोडे तिखटमीठ गृहीत धरावे. कपार मात्र खरी आहे. आज ती मशामॉकेट ब्रुक नावाच्या उद्यानात आहे.

१७५५ मध्ये इंग्रज-फ्रेंच युद्धासाठी प्रांतिक फौज उभी राहिली. तेव्हा पटनम सदतीस वर्षांचा, घरी मुलेबाळे, शेती स्थिरावलेली. तरी तो गेला. हे युद्ध आपल्याला अगदीच परके नाही. वांदिवाश आणि पाँडिचेरीला इंग्रज-फ्रेंच झुंजले ते याच युद्धात, आणि १७६० मध्ये मॉन्ट्रियल पडले त्यानंतर चारच महिन्यांनी आपल्याकडे पानिपत झाले. पटनम रॉबर्ट रॉजर्सच्या रेंजर्सबरोबर जंगलात टेहळणीचे काम करी. ऑगस्ट १७५८ मध्ये तो फ्रेंचांच्या बाजूने लढणाऱ्या मूळ रहिवाशांच्या हाती सापडला. त्याला झाडाला बांधून भोवती आग लावली गेली, आणि ऐन वेळी एका फ्रेंच अधिकाऱ्याने सोडवले. मॉन्ट्रियलला कैदेत राहून अदलाबदलीत तो सुटला. घरी येऊन स्वस्थ बसला म्हणावे, तर पुन्हा फौजेत. १७६२ मध्ये क्युबातील हवाना घेण्याच्या मोहिमेत त्याचे जहाज किनाऱ्यावर फुटले. तो वाचला, पण त्या मोहिमेत लढाईपेक्षा तापानेच जास्त माणसे गेली. १७६४ मध्ये डेट्रॉइटकडे आणखी एक मोहीम झाली आणि मग तो कायमचा घरी आला.

१७६५ मध्ये हॅना वारली. दहा मुलांची आई होती ती. १७६७ मध्ये पटनमने डेबोरा गार्डिनर या विधवेशी लग्न केले आणि ब्रुकलिनच्या गावमैदानाजवळच्या तिच्या घरात राहायला गेला. पटनमचे नाव आता सगळीकडे झाले होते. जुने सोबती, वाटसरू, नुसते बघायला येणारे, सगळ्यांचा राबता सुरू झाला. जेवणखाण आणि घोड्यांचा दाणा यांचा खर्च झेपेना, म्हणून घराचीच खानावळ केली, असे चरित्रकार सांगतात. नाव ठेवले 'जनरल वुल्फ'. १७५९ मध्ये क्वेबेक जिंकताना पडलेल्या सेनापतीचे हे नाव. दारावर त्याचे लष्करी पोशाखातले पूर्ण चित्र रंगवलेली लाकडी पाटी टांगली. पुढे ज्या इंग्रज राजाविरुद्ध पटनम लढला, त्याच राजाच्या सेनापतीची पाटी त्याच्या दारावर होती.

खानावळ हा शब्द मी नाइलाजाने वापरतो. तिकडचा शब्द टॅव्हर्न. गुत्ता म्हणावे तर अन्याय होईल. सफरचंदाची साइडर आणि रम मिळे हे खरे, पण तिथे जेवण, मुक्कामाची खाट, घोड्याला तबेला हेही मिळे. आपल्या ढाब्याचे, सराईचे आणि चावडीचे मिळून जे होईल ते. प्रत्येक गावी अशी सोय असावी असा न्यू इंग्लंडच्या वसाहतींत जुना कायदाच होता, आणि परवाना चांगल्या चालीच्या माणसालाच मिळे. वर्तमानपत्र आणि पत्रे तिथे येत, आणि ज्याला वाचता येई तो इतरांना वाचून दाखवी. गावच्या सैन्याची कवायत मैदानात झाली की सगळे टॅव्हर्नमध्ये शिरत. कर किती, गव्हर्नर काय म्हणाला, बोस्टनमध्ये काय चालले आहे, सगळी चर्चा तिथेच. बोस्टनला जाणारा वाटसरू बातमी घेऊन जाई, येणारा घेऊन येई. आपल्याला जंक्शन म्हटले की चटकन कळेल.

पटनमच्या गोष्टीतला हाच भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लांडगीण आणि नांगर सगळे सांगतात, पण एका अर्धशिक्षित शेतकऱ्यामागे शेकडो माणसे न विचारता का चालू लागली, याचे उत्तर त्या खानावळीत आहे. कोणाचे बैल मेले, कोणाच्या मुलाला फौजेत जायचे आहे, कोण उधारी बुडवतो, हे सगळे त्याला ठाऊक होते. आणि त्याने काय भोगले आहे, हे लोकांना ठाऊक होते. डेबोराबाईंचे नाव कथांत फारसे येत नाही. पण नवरा वर्षातून अनेक महिने बाहेर, तेव्हा ती खानावळ खरी कोणी चालवली असेल हे सांगायला नको.

१७६५ च्या स्टँप कायद्याविरुद्ध जी 'सन्स ऑफ लिबर्टी' संघटना झाली, तिच्या कनेक्टिकटमधील पुढाऱ्यांत पटनम होता. १७७२-७३ च्या हिवाळ्यात तो मिसिसिपी नदीच्या प्रवासालाही निघाला. जुन्या सैनिकांना राजाकडून जमिनी मिळतील या आशेवर त्यांनी एक कंपनी काढली होती. हे लोक जमीन पाहून, मोजून आले, आणि त्याच वर्षी लंडनहून असे दान बंद झाले. राजावरच्या रागाची कारणे पुस्तकात करांपासून सुरू होतात. निवृत्त सैनिकांची ही निराशाही त्यात धरायला हवी.

१७७४ मध्ये इंग्रजांनी बोस्टन बंदर बंद केले. ब्रुकलिनच्या लोकांनी शहरासाठी सव्वाशे मेंढ्या दिल्या आणि पटनम तो कळप घेऊन बोस्टनला गेला. पंचावन्नी उलटलेला नामांकित योद्धा मेंढरे हाकत शहरात शिरतो, हे दृश्य पुतळ्यावर कोणी कोरले नाही, पण मला ते फार आवडते. महिनाभरातच बोस्टनवर तोफा डागल्याची बातमी त्याच्याकडे आली. त्याने ती तशीच पुढे पाठवली आणि हजारो माणसे बंदुका घेऊन निघाली. बातमी खोटी निघाली.

२० एप्रिल १७७५ ला लेक्झिंग्टनच्या गोळीबाराची बातमी आली, ती मात्र खरी होती. पटनम शेतात नांगरत होता. पंधरा वर्षांचा मुलगा डॅनियल बैल हाकत होता. वडील बैल सोडण्यापुरतेही थांबले नाहीत, ते काम माझ्यावर टाकून निघाले, असे डॅनियलने पुढे लिहून ठेवले. दुसऱ्या दिवशी, २१ एप्रिलला, पटनमने कॉन्कर्डहून पत्र लिहिले. म्हणजे साठीकडे झुकलेल्या त्या माणसाने रात्रभर घोडा पळवला होता.

बंकर हिलची लढाई १७ जून १७७५ ची. बोस्टनसमोरच्या चार्ल्सटाउनच्या भूशिरावर दोन टेकड्या आहेत. मागची उंच ती बंकर हिल, पुढची ठेंगणी ती ब्रीड्स हिल. रात्रीतून कर्नल प्रेस्कॉटच्या माणसांनी पुढच्या टेकडीवर मातीची गढी उभी केली. पटनमचे म्हणणे असे की मागच्या टेकडीवरही खंदक हवेत, नाहीतर माघारीला आधार कशाचा? इंजिनिअर म्हणून मला हे बरोबरच वाटते. पण त्यासाठी त्याने पुढची फावडी-कुदळी मागितली, तेव्हा प्रेस्कॉट म्हणाला की हत्यारे घेऊन गेलेला एकही माणूस परत यायचा नाही. गँगला पहारी-घमेली वाटून संध्याकाळी मोजून घेणाऱ्या आपल्या बांधवांना प्रेस्कॉटचेही पटेल. आणि झाले तसेच. नेलेले लोक बहुतेक आलेच नाहीत, आणि मागची टेकडीही अर्धवटच राहिली.

डाव्या बाजूला कनेक्टिकटचे लोक एका 'रेल' कुंपणामागे होते. ही रेल लाकडी बरं का, ओंडके फाडून केलेले आडवे दांडे. दोन कुंपणांच्या मध्ये कापलेले गवत भरून त्यांनी आडोसा केला. शत्रूच्या डोळ्यांतले पांढरे दिसेपर्यंत गोळी घालू नका, हा हुकूम पटनमचा की प्रेस्कॉटचा, यावर अजून एकमत नाही. कारण मात्र साधे होते, दारूगोळा फार थोडा होता. इंग्रजांचे दोन हल्ले परतले, तिसऱ्यात गढी पडली. इंग्रजांचे हजारावर लोक मेले किंवा जखमी झाले, वसाहतवाल्यांचे सुमारे साडेचारशे. पटनम दिवसभर घोड्यावरून पुढेमागे करत, मागे रेंगाळणाऱ्यांना शिव्या घालून पुढे ढकलत होता. दोनच दिवसांनी काँग्रेसने त्याला एकमताने मेजर जनरल नेमले. शिपाई त्याला 'ओल्ड पट' म्हणत. आपल्याकडे असता तर पटआबा झाला असता.

पुढचे मात्र तितके सोनेरी नाही. ऑगस्ट १७७६ मध्ये लाँग आयलंडवर ऐन लढाईच्या तोंडावर त्याच्याकडे सूत्रे आली. प्रदेश अनोळखी, आणि पूर्वेकडचा एक घाट मोकळा राहिलेला. तिथून इंग्रज मागे आले आणि पराभव झाला. त्या इंग्रज तुकड्यांत एक कॉर्नवॉलिस होता. हाच पुढे १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून आपल्याकडे आला आणि १७९२ मध्ये टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणला हरिपंत फडके त्याच्याबरोबर होते. ऑक्टोबर १७७७ मध्ये हडसन नदीवरचे दोन किल्ले पटनमच्या हाताखाली असताना गेले. चौकशी झाली, त्यात तो निर्दोष ठरला. पण त्याच महिन्यात, छावणीत बरोबर राहायला आलेली डेबोरा वारली. माझ्या मते तो शंभर-दोनशे माणसांचा उत्तम नायक होता. नकाशा, कागदपत्रे आणि मोठी फौज हे त्याचे क्षेत्र नव्हते. डिसेंबर १७७९ मध्ये घरून छावणीकडे परतताना त्याला अर्धांगाचा झटका आला. उरलेली दहा वर्षे त्याने ब्रुकलिनला काठीच्या आधाराने काढली. २९ मे १७९० रोजी तो गेला.

त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, १८१८ मध्ये, जनरल हेन्री डिअरबॉर्न यांनी एका मासिकात लिहिले की बंकर हिलला पटनम मागेच राहिला, त्याने काहीच केले नाही. डिअरबॉर्न स्वतः त्या लढाईत कॅप्टन होते आणि पुढे देशाचे युद्धमंत्री झालेले, म्हणजे वजनदार माणूस. आरोप झालेला माणूस उत्तर द्यायला हयात नव्हता. उत्तर दिले डॅनियलने. त्या दिवशी शेतात बैल सोडायला मागे राहिलेला मुलगा आता अठ्ठावन्न वर्षांचा होता. त्याने डिअरबॉर्नना जाहीर पत्र लिहिले आणि जुन्या सैनिकांच्या साक्षी पुढे केल्या. डॅनियल वेबस्टर यांच्यासारख्या नामांकित वकिलानेही पटनमची बाजू घेतली. पटनम पुढच्या गढीत सतत नव्हता हे खरे, पण मागच्या टेकडीवर तो लपून बसला नव्हता, तर माणसे गोळा करत होता. आज बहुतेक इतिहासकार एवढे मान्य करतात. त्या दिवशी तिथे सगळ्यांचा एक असा सेनापतीच नव्हता, ही खरी अडचण.

लोकांनी मात्र डिअरबॉर्नचे ऐकले नाही. आठवण म्हणून पटनमच्या थडग्याच्या शिळेचे टवके काढून नेणाऱ्यांची इतकी गर्दी झाली की ती शिळा शेवटी हार्टफर्डच्या कॅपिटॉलमध्ये हलवावी लागली. १८८८ मध्ये ब्रुकलिनला कार्ल गेरहार्टने घडवलेला त्याचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला आणि अस्थी त्याच्या चौथऱ्याखाली ठेवल्या गेल्या. खानावळीवरची जनरल वुल्फची पाटीही शिल्लक आहे. ती हार्टफर्डच्याच संग्रहालयात आहे.