रत्नागिरीहून सह्याद्रीला वळसा: एका तिकिटाचा इतिहास

समजा तुम्हाला रत्नागिरीहून चार-पाच दिवस डोंगरात जायचंय, आणि तेही रेल्वेने. माथेरान, जमलं तर लोणावळा. माझं संशोधन कोकणच्या दळणवळणावर आहे हे कळलं की लोक पहिलं हेच विचारतात, "मग पास कुठला काढू?"

सरळ उत्तर असं की मासिक पास इथे कामाचा नाही. तो 150 किमीपर्यंतच मिळतो, आणि मुंबई त्याच्या दुप्पट लांब. परदेशी पाहुण्यांसाठी पूर्वी इंडरेल पास असायचा, तोही बंद झाला. उरतं ते चक्राकार प्रवासाचं तिकीट. जिथून निघालात तिथेच परत यायचं आणि वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरायचं. ते खिडकीवर लगेच हातात पडत नाही. आधी मार्ग लिहून अर्ज द्यावा लागतो, आणि आरक्षण वेगळं करावं लागतं. पण भाडं दोन लांब प्रवासांचं धरतात, प्रत्येक प्रवास एकूण अंतराच्या निम्मा. अंतर वाढतं तसा दर किलोमीटरमागचा दर उतरतो, म्हणून तुकड्या-तुकड्यांनी तिकिटं काढण्यापेक्षा हे बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

आता नकाशा घ्या. रत्नागिरी, मडगाव, दूधसागरवरून कॅसलरॉक, लोंढा, बेळगाव, मिरज, पुणे, लोणावळा, कर्जत, पनवेल आणि परत रत्नागिरी. सह्याद्रीला पूर्ण वळसा!

हे वर्तुळ आपल्याला फार उशिरा मिळालं. बोरघाटातून रेल्वे वर गेली 1863 मध्ये, आणि तो घाट फोडताना हजारो मजूर मेले. गोव्याकडचा घाट 1888 मध्ये चढला गेला, मोरमुगाव बंदरासाठी, मीटरगेजवर. कोल्हापूरला गाडी आली 1891 मध्ये. म्हणजे एकोणिसावं शतक संपायच्या आत घाटमाथा रुळांनी जोडला गेला होता, आणि पायथ्याची रत्नागिरी मात्र बोटीवर. पावसाळ्यात तीही बंद. नंतर एसटी आली. रेल्वे बघायची तर आंबा घाट चढून कोल्हापूर गाठा! डोंगराकडे जाणारी रेल्वे साहेबाला, व्यापाराला आणि बंदरांना हवी होती. कोकणातून निघणारा माल म्हणजे मुख्यतः गिरणीत जाणारी माणसं, आणि ती बोटीने जातच होती. हे माझं मत, वाद घाला हवं तर.

कोकण रेल्वे महामंडळ 1990 मध्ये स्थापन झालं आणि 26 जानेवारी 1998 ला पूर्ण मार्ग खुला झाला. रत्नागिरीजवळच्या करबुडे बोगद्याचीच लांबी साडेसहा किलोमीटर. गोव्याकडच्या मीटरगेजचं रुंदीकरणही त्याच दशकातलं, त्यामुळे गेज न बदलता हे वर्तुळ फिरता येतं ते तेव्हापासूनच.

पण एक गोम आहे. हा मार्ग बराचसा रोखे काढून, कर्जावर बांधला गेला. ती वसुली व्हावी म्हणून कोकण रेल्वेवरचं अंतर भाड्यासाठी 40 टक्के वाढवून धरायची पद्धत पडली. रत्नागिरी ते रोहा प्रत्यक्षात सुमारे 200 किमी, भाड्याच्या हिशेबात सुमारे 280. ते 80 किमी जमिनीवर कुठेच नाहीत! बोरघाटाचा खर्च कोणी तिकिटावर असा वेगळा मोजत नाही. आपण शंभर वर्षं थांबलो आणि वर पैसेही जास्त मोजतो. जुनं तिकीट घरात असेल तर किलोमीटरचा आकडा बघा, मला तो कुठल्याही अहवालापेक्षा बोलका वाटतो.

माथेरानसाठी कर्जतला उतरा, लोकलने नेरळ गाठा. हा फाटा वर्तुळात येत नाही, तिकीट वेगळं. ही दोन फुटी गेजची लाइन अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी 1904 ते 1907 मध्ये घरच्या पैशाने बांधली. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते, तेव्हा दिवाळीनंतरच बेत करा. अमन लॉजच्या पुढे मोटारींना बंदी आहे, म्हणजे सामान बेताचं घ्या. आणि चक्राकार तिकिटाचा अर्ज गणपतीची गर्दी ओसरली की लगेच टाका.